जर्मनचा डोंगा आणि मोरचूद: दुरुस्तीच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

डोंगा आला. काटोलहून छोट्या हत्तीवर बांधून आणला, हिंगणा एमआयडीसीतल्या आपल्या शेडपर्यंत. बारा फूट लांब, अ‍ॅल्युमिनियमचा, पत्रा दीड मिलिमीटर. टेम्पोवाल्याने उतरवताना टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, "जर्मनचा हाय का? मंग काय गंजते बाप्पा!" जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्याला गंज चढत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांनाच पाठ.

या डोंग्याचा इतिहास असा. मूळचा कोकण किनाऱ्यावरचा, खाऱ्या पाण्यात चाललेला. भाऊजींनी शेततळ्यात मासे पाळायचे म्हणून जुना विकत घेतला. मासे काही झाले नाहीत. दोन हंगाम तो संत्र्याच्या बागेत पडून होता. आता रामटेकजवळ खिंडसी तलावावर मासे धरणाऱ्या एका ओळखीच्या गटाला द्यायचा आहे, पावसाळ्याच्या आत.

आज नुसती मोजदाद केली, कुठे कुठला धातू आहे ती. अंग अ‍ॅल्युमिनियमचं. मागच्या फळीला इंजिन धरायला स्टीलचे (३०४) आठ बोल्ट. पाणी काढायचा बूच पितळेचा. पुढची कडी साध्या लोखंडाची, वर चंदेरी रंग. पंपाच्या वायरी तांब्याच्या, जोड उघडे. आणि बाहेरून तळाला जस्ताचा एक गोळा, स्वतः झिजून पत्रा वाचवायला लावलेला. सहा धातू, एक डोंगा. भाची (अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला, आमच्याकडेच राहते) म्हणाली, "मामा, ही बॅटरीच आहे, फक्त पाण्यात सोडायची बाकी आहे." बरोबर बोलली.

१८ फेब्रुवारी

आठपैकी तीन बोल्ट पान्याने निघाले. पाच कापावे लागले. प्रत्येक बोल्टभोवती अ‍ॅल्युमिनियमचं भोक मोठं झालेलं आणि त्यात पांढरी पूड ठासून भरलेली, ओल्या खडूसारखी. बोल्ट मात्र काल दुकानातून आणल्यासारखे चकाचक. दोन धातू एकमेकांना टेकले आणि दोघांना एकच पाणी लागलं, की कमी प्रतीचा विरघळतो आणि वरच्या प्रतीचा मजेत राहतो. समुद्राच्या पाण्यात सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडने मोजलं तर अ‍ॅल्युमिनियम साधारण उणे पाऊण व्होल्टवर बसतं, चांगलं स्टील शून्याच्या आसपास. मधला फरक पत्र्यातून वसूल होतो.

अर्थात, स्टीलचे लहान बोल्ट मोठ्या पत्र्यात असतील तर एकूण नुकसान आवरतं राहतं, कारण भार मोठ्या क्षेत्रावर वाटला जातो. उलटं फार वाईट: स्टीलच्या मोठ्या पाटीला अ‍ॅल्युमिनियमचे रिबिट मारले तर रिबिट पाहता पाहता जातात. इथे बोल्ट लहान असूनही भोकं का खाल्ली गेली? कारण पाणी फळी आणि पत्रा यांच्या फटीत अडकून राहायचं, आणि भार पडायचा तो नेमका त्या भोकाच्या कडेवर.

फळीचं प्लायही संशयित आहे. आयएस ७१० चं मरीन प्लाय वाळवी आणि बुरशीपासून वाचवायला रसायन पाजलेलं असतं, आणि त्या रसायनांत तांब्याचे क्षार वापरतात. ओलं प्लाय अ‍ॅल्युमिनियमला चिकटून राहिलं की ते क्षार झिरपतात. प्लाय फेकलं.

२५ फेब्रुवारी

मागचा भाग समजला. तळ मात्र समजेना.

डोंग्याच्या आतल्या बाजूला, मधल्या दोन बाकांच्या दरम्यान, पत्र्यावर शेकडो टाचणीएवढे खड्डे. बाहेरून तळ जवळजवळ स्वच्छ. समुद्राने खाल्लं असतं तर बाहेरूनही खाल्लं असतं. तिथे ना बोल्ट, ना बूच, ना वायर. दुसरा धातू शेजारी नाही, तर भांडण कुणाशी?

भाचीने घड्याळजीचं भिंग आणलं. एका खड्ड्यावर पांढऱ्या पुडीची टोपी होती. ती काडीने उचलली, तर खाली गुलाबी-लालसर कण, बाजरीच्या दाण्याच्या चौथ्या हिश्शाएवढा. कण काडीने हलवला, त्याच्याखाली काळं विवर. दुसरा खड्डा, तेच. तिसरा, तेच. गंज नव्हता तो. गंज असा चमकत नाही.

तांबं होतं. पण तांबं तिथे आलं कुठून?

३ मार्च

काटोलला फोन. भाऊजींना विचारलं, डोंग्यात काय ठेवलं होतं?

"ठेवत काय, त्यातच त मोरचूद कालवत होतो ना आम्ही! ड्रम फुटला होता, आन् मजूर उभे होते. मस्त टाकं झालं होतं त्याचं."

संत्र्याच्या बागेत डिंक्या आला की बोर्डो मिश्रण लागतंच. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट. ते अ‍ॅल्युमिनियमवर पडलं की तांबं पाण्यातून बाहेर येऊन पत्र्यावर बसतं आणि तेवढं अ‍ॅल्युमिनियम त्याच्या जागी पाण्यात जातं. बसलेला प्रत्येक कण मग स्वतःच एक छोटा बोल्ट होतो, कधीही न निघणारा. वर चुना, आणि चुन्याचं पाणी अ‍ॅल्युमिनियमला सोडत नाही. दोन्हीकडून मार.

गंमत अशी की भाऊजींना हे सगळं येतं. मिश्रण बरोबर झालं का हे पाहायला ते त्यात विळ्याचं पातं बुडवतात. पात्यावर लाल थर आला तर मोरचूद मोकळं आहे, आणखी चुना टाकायचा. लाल थर म्हणजे लोखंडाच्या जागी बसलेलं तांबं. त्यांच्या आजोबांनी ही परीक्षा शिकवली आणि तेही धातूच्या भांड्यात मिश्रण करू नये असंच सांगायचे. मी म्हटलं, "मग डोंगा काय मातीचा होता का?" त्यावर म्हणाले, "आता डोंग्याले भांडं कोण म्हणते, भाऊ?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

१० मार्च

तांबं काढायचं काम. घासून निघत नाही. उलट घासलं की मऊ अ‍ॅल्युमिनियमच्या अंगात आणखी रुततं. पितळी ब्रश तर लावायचाच नाही, तो स्वतः तांबं सोडतो. इतवारीच्या सराफ्यातून ओळखीच्या सोनाराकडून नायट्रिक अ‍ॅसिड आणलं. ते तांब्याला विरघळवतं आणि अ‍ॅल्युमिनियमला फारसं धरत नाही. पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडात पाणी नाही. शेडचे दोन्ही दरवाजे उघडे, गॉगल, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, कारण तांब्यावर पडलं की तांबूस धूर निघतो आणि तो फुफ्फुसाला वाईट. काचेच्या कांडीने कापूस फिरवत गेलो. पाणी हिरवट-निळं झालं की समजायचं निघतंय. नंतर पाइपने अर्धा तास धुतलं. ते पाणी नालीत सोडलं नाही, प्लास्टिकच्या ड्रममध्ये चुना टाकून बसवलं.

चार तासांत अर्धा तळ झाला. कंबर गेली.

१७ मार्च

उरलेला अर्धा. सात खड्डे आरपार निघाले, आपल्या वेल्डरने आर्गॉनवर भरून दिले.

२४ मार्च, होळी

आज कारखाना बंद म्हणून बादल्यांचा प्रयोग लावला. प्रश्न साधा: जे मिळतं ते वाचायला समुद्राच्या बोटींबद्दलच असतं. आपलं पाणी गोडं. तिथले आकडे इथे चालतील का?

दोन बादल्या. एकीत खिंडसीचं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) १९०. दुसरीत मीठ घालून समुद्र केला, लिटरला ३५ ग्रॅम. प्रत्येकीत दहा सेंटीमीटर चौकोनी अ‍ॅल्युमिनियम आणि तेवढंच ३०४ स्टील, पाण्याबाहेरून वायरीने जोडलेलं, मध्ये मीटर. तिसऱ्या बादलीत तलावाचंच पाणी, त्यात स्टीलऐवजी तळाचा काढलेला जस्ताचा गोळा, घासून लख्ख करून.

हिने बादल्या पाहिल्या आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या लोणच्यासारखं." मागच्या वर्षी लिंबाच्या लोणच्याच्या स्टीलच्या डब्यावर फॉईल लावली होती. जिथे लोणचं फॉईलला टेकलं तिथे चाळणी झाली होती. अगदी तसंच: वर अ‍ॅल्युमिनियम, खाली स्टील, मध्ये आंबट-खारट. इतकं सोपं उदाहरण मला सुचलं नव्हतं.

७ एप्रिल

दोन आठवड्यांनी आकडे स्थिरावले. खाऱ्या बादलीत २ मिलिअँपिअर, तलावाच्या बादलीत ०.०६. तेहतीस पटीचा फरक, कारण गोड्या पाण्यातून वीज मुश्किलीने जाते.

भाचीने फॅरडेचा नियम लावला. एक ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम विरघळायला सुमारे २.९८ अँपिअर-तास लागतात. खाऱ्यात वर्षाला जवळपास ६ ग्रॅम, गोड्यात ०.१८ ग्रॅम. मी म्हटलं, मग कशाला एवढा खटाटोप, ०.१८ ग्रॅम म्हणजे चिमूटभर रवा. तिने पेन्सिलीने पुढचं गणित मांडलं (कागदावर, अ‍ॅल्युमिनियमवर शिशाची पेन्सिल चालवायची नाही, त्यातलं ग्रॅफाइट सगळ्या धातूंच्या वरच्या प्रतीचं). दीड मिलिमीटर पत्र्यात तीन मिलिमीटर व्यासाचं भोक म्हणजे किती वजन? ०.०२९ ग्रॅम. म्हणजे ती चिमूट एका जागी गोळा झाली तर वर्षाला सहा भोकं. पसरली तर दिसणारही नाही.

म्हणून गोड्या पाण्यातली खरी लढाई किती विरघळतं याची नाही, कुठे विरघळतं याची आहे.

१४ एप्रिल

जस्ताची बादली तीन आठवड्यांची झाली. पहिल्या दिवशी चांगला प्रवाह होता, आता मीटरवर जेमतेम आकडा. गोळा बाहेर काढला तर अंगावर राखाडी-पांढरा घट्ट थर, नखाने निघेना. जस्त गोड्या पाण्यात असंच स्वतःवर पांघरूण ओढून झोपतं. समुद्रात ते झिजत राहतं आणि त्या झिजण्यातूनच दुसऱ्याला वाचवतं. इथे झिजतच नाही म्हणजे वाचवतही नाही. गोळा बघून मालकाला वाटतं, वा, अजून नवाच आहे. खरं तर नवा दिसणं हीच तक्रार.

निमखाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू (जस्त सुमारे ५ टक्के आणि इंडियमचा अगदी अंश असलेला) चालतो, गोड्यात मॅग्नेशियम. नागपुरात बोटीचा मॅग्नेशियम गोळा कोण ठेवणार? पण गिझरचा रॉड कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे मिळतो. गिझरच्या टाकीत तो हेच काम करतो. सीताबर्डीत दोन घेतले, प्रत्येकी ११२ ग्रॅम भरले. दुकानदाराने विचारलं, किती लिटरचा गिझर? म्हटलं, बारा फुटांचा.

२१ एप्रिल

मागची फळी नवी. कडा आणि भोकांसकट इपॉक्सीचे तीन हात पाजलेलं प्लाय, म्हणजे आतलं रसायन आतच राहील. बोल्ट स्टीलचेच ठेवले. अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट इंजिनाचा हिसका सहन करणार नाहीत. पण आता प्रत्येकाला नायलॉनची बुश, दोन्ही बाजूंनी नायलॉनचे वॉशर, वर पीयू सीलंट. पितळी बूच गेला, प्लास्टिकचा आला. लोखंडी कडीच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची वेल्ड केली.

इंजिनाच्या पट्टीखाली आधी ट्रकच्या ट्यूबचा तुकडा घातला होता. रबर म्हणजे वीज जात नाही, असं आपलं गृहीत. सवयीने मीटर लावला तर २०० किलोओहम. काळ्या रबरात काजळी असते, म्हणजे कार्बन. वीज थोडी का होईना जाते, आणि कार्बन पेन्सिलीच्याच जातकुळीतला. ट्यूब काढून स्वयंपाकघरातला पांढरा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड कापून बसवला. मीटर: ओएल, म्हणजे वीज जातच नाही. घरी नवा बोर्ड नेऊन दिल्यावरच जेवण मिळालं.

१२ मे

ऊन ४४. इपॉक्सी प्रायमरचा डबा मिसळला की पंधरा मिनिटांत गरम होऊन जेलीसारखा. आता पहाटे साडेचारला काम, सातला बंद.

रंगाबद्दल एक गोष्ट पहिल्यांदा मलाच पटली नव्हती. रंग फक्त विरघळणाऱ्या धातूला लावला आणि त्याला एक ओरखडा पडला, तर सगळ्या स्टीलचा भार त्या एका ओरखड्यावर पडतो. म्हणून वरच्या प्रतीच्या धातूलाही रंगायचं, बोल्टची डोकी आधी. रंगवाला हसला. आठही डोकी रंगवून घेतली.

तळाला तांब्याचा रंग लावा, शेवाळ धरत नाही, असा सल्ला दोघांनी दिला. लाकडी बोटीला ठीक. अ‍ॅल्युमिनियमच्या तळाला तांब्याचा रंग म्हणजे पुन्हा काटोल. तांब्याचा हा गुण जुना आहे. इंग्रजांच्या आरमाराने १७६१ मध्ये एका जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारला, तर त्याला धरणारे लोखंडी खिळे खाल्ले गेले. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये उपाय काढला, तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडा. तांबं वाचलं. पण तांबं पाण्यात सुटेना झालं तसं विषही संपलं, आणि तळाला शिंपले-शेवाळ चिकटू लागलं. बिचारा डेव्ही. उपाय बरोबर होता तरी आरमार नाराज.

२ जून

वायरिंग. आपल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने गाडीच्या सवयीने बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला दिलं. काढायला लावलं. पाण्यात बॉडी म्हणजे तारेचा तुकडा नाही. पंपाची पॉझिटिव्ह वायर कुठे उघडी पडून साचलेल्या पाण्यात बुडाली, तर बॅटरीचे बारा व्होल्ट कामाला लागतात. आपण ज्याची काळजी करतोय तो फरक जेमतेम पाऊण व्होल्टचा. वर उघडं तांबं विरघळून पुन्हा तळावर बसायला तयार. दोन्ही वायरी आता स्वतंत्र, जोड चिकट लायनिंगवाल्या हीटश्रिंकमध्ये, पाण्याच्या वर. बॉडी आणि निगेटिव्ह यांच्यात मीटर: ओएल.

२३ जून

रॉड पत्र्याला वाचवतो का ते व्होल्टमध्ये मोजायला इलेक्ट्रोड घरीच केला. प्लास्टिकची नळी, तळाला लाकडी बुच, आत तांब्याची कांडी आणि मोरचुदाचं गडद द्रावण, तळाशी न विरघळलेले खडे राहतील इतकं. मोरचूद भाऊजींच्याच पोत्यातलं. त्याच विषाने आता तब्येत मोजायची. नळी डोंग्याच्या बाहेर पाण्यात धरायची, आत थेंब सांडायचा नाही, हा घरातला कडक नियम.

डोंगा काटोलच्या शेततळ्यात सोडला. रॉडशिवाय उणे ०.७१ व्होल्ट. दोन्ही रॉड वायरीने अंगाला जोडले, तासाभरात उणे १.३४. मी खूश. जितकं उणे तितकं सुरक्षित, असं मनात धरून घरी आलो.

३० जून

चूक. रॉडच्या जवळ तळाच्या रंगाला फोड. एक फोडला, आतलं पाणी बोटाला साबणासारखं बुळबुळीत. अ‍ॅल्युमिनियम आम्लातही विरघळतं आणि अल्कलीतही. फार जोराने संरक्षण दिलं की पत्र्याजवळचं पाणी अल्कली होतं आणि वाचवायला गेलेलंच खाल्लं जातं. या इलेक्ट्रोडवर उणे १.२ च्या पलीकडे जायचं नाही, हे मला ठाऊक होतं, लोखंडाच्या पाइपलाइनवाल्यांकडून ऐकलेलं, आणि तरीही.

शेततळ्यातलं पाणी बोअरचं, टीडीएस ९२०. खिंडसीच्या जवळपास पाचपट. म्हणजे परीक्षाच चुकीच्या पाण्यात घेतली. एक रॉड काढला, उरलेल्याच्या वायरीत २२ ओहमचा रेझिस्टर टाकला. फोड खरवडून पुन्हा प्रायमर.

१४ जुलै

खिंडसीवर. टीडीएस १७५. एका रॉडवर, रेझिस्टरसकट, उणे ०.९८. रॉडमधून ९ मिलिअँपिअर. गटातल्या एका म्हाताऱ्या काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि रॉडला हात लावून विचारलं, "हा गळून गेला त समजायचं काम करून राहिला?" हो. "आन् तसाच रायला त?" तर मला फोन करा. तळ्यावर यापेक्षा जास्त शिकवायची गरज पडली नाही.

३ सप्टेंबर, तान्हा पोळा

काकांचा फोन, रॉड "बोरासारखा खड्डेखड्डे" झालाय. चांगलं आहे म्हटलं. गल्लीत पोरं लाकडी बैल घेऊन फिरत होती, फोन नीट ऐकू येईना, तरी एवढं कळलं.

१७ नोव्हेंबर

डोंगा बाहेर काढून तपासला. रॉड ८७ ग्रॅम. १२६ दिवसांत २५ ग्रॅम गेले. भाचीच्या हिशेबाने ९ मिलिअँपिअरला एवढेच जायला हवे होते. आतला तळ भिंगाने पाहिला. मार्चमध्ये सुटलेले दोन तांबूस कण सापडले, एक बाकाच्या खोबणीत, एक वेल्डच्या शेजारी, दोन्हींवर पांढरी टोपी. अ‍ॅसिडाच्या कापसाने काढले. बाकी पत्रा जसा होता तसा.

बोल्ट एकेक करून मीटरवर. सात ओएल. चौथ्याला ३ ओहम. खोलून पाहिला: नायलॉनची बुश उभी चिरलेली, बहुतेक आवळताना मीच जास्त जोर लावला. भोकाच्या कडेला पांढरी पूड यायला लागली होती, बोटाने पुसली जाईल एवढीच. कड घासून प्रायमर लावला, दुपारनंतर नवी बुश घातली, या वेळी पाना हलक्या हाताने. मीटर: ओएल.

भाऊजी विचारत होते, हिवाळ्यात डोंगा ठेवायला जागा लागेल का. शेडमध्येच ठेवतो म्हटलं, पालथा घालून.